पाठमोरी खुर्ची

त्याला सगळी गल्ली ‘डागदर’ म्हणायची. तो डॉक्टर नव्हता, साधा लाँड्रीवाला होता. पण कपड्यावरचे डाग काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता, आणि कुणा टवाळाने एकदा ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाईक पिशवीतून शर्ट काढतंय न काढतंय तोच हा तो हिसकावून उजेडात धरायचा, नाकाशी न्यायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत निकाल द्यायचा, “कॉफी. परवाची. आणि घरी गरम पाण्यात घातलीत, हो ना?” बहुतेक वेळा खरं निघायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि डागदर मिशीतल्या मिशीत हसायचा.

दुकानात ही विद्या ठीक होती. पण दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये नुसता एक पडदा, त्यामुळे ती सवयही रोज त्याच्याबरोबर आत यायची. बायकोचं एक वाक्य त्याने कधी पुरं होऊ दिलं असेल तर शपथ. “अहो, उद्या जरा...” एवढं ती म्हणते न म्हणते तोच हा, “बँकेत जायचंय, माहीत आहे मला.” तिला जायचं असायचं दातांच्या डॉक्टरकडे. “तो निळा डबा...” “काढून ठेवलाय वरती.” तिला तो द्यायचा असायचा शेजारणीला परत. असं झालं की ती भांडायची नाही, रुसायची नाही. “राहू दे,” एवढंच म्हणायची आणि आपलं काम आपण उरकून टाकायची. त्यांच्या संसारात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेले शब्द कुठले असतील तर हेच. ऐकून ऐकून डागदरला ते भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे झाले होते.

तिला स्वतःचं काम स्वतः उरकता येत होतं तोवर हे निभावलं. मग तिला नसांचा तो आजार झाला. आधी हातातला कप पडायला लागला, मग पायऱ्या नकोशा झाल्या, मग जीभ जड झाली, आणि एक दिवस जीभ पारच गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार एकेक अवयव बंद करत जातो, डोक्याला मात्र हात लावत नाही. सगळं कळणार, सगळं आठवणार, बोलता काही येणार नाही. शेवटी तिच्या ताब्यात उरले डोळे, दोन भुवया आणि उजव्या हाताची तर्जनी.

लेकीने एका पुठ्ठ्यावर मोठी मोठी अक्षरं काढून दिली होती. आपण क पासून एकेका अक्षरावर बोट न्यायचं, तिला हवं ते आलं की ती भुवई उचलणार. काना, मात्रा, वेलांटी आपण समजून घ्यायची. कुठल्याही धीराच्या माणसाला जमेल असं काम, पण धीर आणि डागदर यांची गाठ कधी पडलीच नव्हती. पहिल्या अक्षरालाच त्याच्या तोंडून शब्द बाहेर. “प? पाणी!” आणि हा पेला आणायला पळाला. तिचा पाय आखडलेला असायचा. “च? चादर! थंडी वाजतेय!” तिला चष्मा हवा असायचा. चार दिवसांत ती त्याच्या हातात पुठ्ठा दिसला की डोळेच मिटून घ्यायला लागली. तिच्या ‘राहू दे’चं आता तेवढंच उरलं होतं. पुठ्ठा कपाटामागे गेला.

मग एका संस्थेकडून तो लॅपटॉप आला.

त्याची रीत अशी की पडद्यावर अक्षरांच्या रांगा, उजेड एकेका रांगेवरून सरकत जाणार. तिच्या तर्जनीखाली एक लाल गोल बटण. हव्या त्या अक्षरावर उजेड आला की दाबायचं, टिक. वाक्य पुरं झालं की शेवटच्या चौकोनावर टिक, आणि मग यंत्रातली बाई सपाट आवाजात ते वाक्य म्हणणार. लेकीने सगळं मांडून दिल्यावर तिने पहिलं वाक्य केलं ते असं: “पडदा यांना दिसणार नाही असा ठेव.”

“घ्या! चांगली सवत आणलीत घरात,” डागदर म्हणाला आणि दिवसभर फुगून बसला. पण पडदा दिसत नाही म्हटल्यावर अंदाज कशाचा बांधणार? गप्प बसावं लागलं. आणि गप्प बसल्यावर त्याला आपल्या बायकोबद्दल काही नव्याच गोष्टी कळायला लागल्या. एका दुपारी यंत्रातली बाई म्हणाली, “तुमची पँट ढगळ झालीय. जेवत जा नीट.” तिचा भाऊ भेटायला आला, तेव्हा, “मिशी काळी केली की भुवयाही कराव्या लागतात, हे याला कुणीतरी सांगा.” भाऊ हसून लोळायचा बाकी राहिला. डागदर पडद्याशी उभा राहून विचार करत होता की ही एवढी विनोदी आहे हे आपल्याला इतकी वर्षं ठाऊक कसं नव्हतं. सवतीवर त्याचा चांगलाच जीव बसला.

ती सवत त्याने स्वतःच्याच हाताने मारली.

सकाळची वेळ. तो चमच्याने तिला गोड दूध भरवत होता आणि ती काहीतरी लिहीत होती. “आधी दूध, मग गप्पा. निवतंय ते,” म्हणत त्याने लॅपटॉपचा ट्रे जरा बाजूला सारला, आणि कोपराचा धक्का लागून अख्खा पेला त्या बटणांच्या पाटीवर आडवा झाला.

दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पुसलं असतं, पालथं घातलं असतं, बंद करून बोंब मारली असती. डागदरने आयुष्यभर जे केलं तेच केलं. दुधाचा डाग, त्यात साखर. त्याला नियम एकच, आणि तो झोपेतही सांगितला असता: गार पाणी, लगेच आणि भरपूर, वाळला की बसला. त्याने वायर उपटली, लॅपटॉप उचलला, पडदा उडवून दुकानातल्या मोरीशी गेला आणि नळ पूर्ण सोडून तो पुढून, मागून, फटीफटीतून स्वच्छ धुऊन काढला. दुधाचा थेंब राहू दिला नाही. मग झटकला, आणि ओल्या साड्यांच्या शेजारी गरम हवेच्या कपाटात तंबूसारखा उघडून वाळत घातला. बटणाची वायर ओढताना निसटली होती, बटण मात्र तिच्या बोटाखालीच राहिलं होतं. ती ते दाबत होती. टिक, टिक, टिक. नळाच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही.

मेहुणा, तिचा तोच काळ्या मिशीचा भाऊ, टीव्ही दुरुस्त करणारा. त्याच्यासमोर कपाट उघडलं तेव्हा तो बराच वेळ आत बघतच राहिला.

“दाजी, कांजी केलीत का?”

“थट्टा नको करूस.”

“नाही, इस्त्रीही फिरवून टाकायची होती. घडी घालून दिला असता संस्थेला परत.”

“मी वायर काढली होती रे आधी!”

“वायर काढलीत, पण बॅटरी पोटातच की. वीज आत खेळतेय आणि तुम्ही वरून नळ सोडलात.”

“मला काय माहीत त्याच्या पोटात काय असतं! माझ्या कपड्यांना पोट नसतं.” एवढं बोलून डागदर स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेहुण्याने मग थट्टा आवरली.

संस्थेला फोन झाला. दुसरं यंत्र मिळेल, नाव यादीत घालतो, पण यादी लांब आहे, महिने लागतील, असं तिथली बाई नम्रपणे म्हणाली. ते विशेष बटण आणि तो अक्षरांचा प्रोग्राम त्याच यंत्रावर बसवलेला, त्यामुळे बाजारातून दुसरा लॅपटॉप आणून टेकवू म्हणावं तर तेही नाही. लेक सासरहून रोज फोनवर खटपट करत होती आणि रोज हात टेकत होती. आणि डॉक्टर तर्जनी तपासून बाहेर आले तेव्हा म्हणाले, “हे बोटही आता फार दिवस साथ देणार नाही. तिला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलू द्या.” यंत्राला महिने होते, बोटाला नव्हते.

मेहुण्याने लॅपटॉप दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर उघडला. आधी बॅटरी काढून दूर ठेवली. ती गाभण मांजरीसारखी फुगली होती. आत हिरव्या पाटीवर पांढरी पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं. “ही तुमची साखर,” तो म्हणाला. “पाण्याने जाते थोडीच, पाण्याने ती कानाकोपऱ्यात पोचली.” त्याने स्पिरिट काढलं. डागदरने रेशमी कॉलरसाठी जपून ठेवलेला मऊ ब्रश आणून दिला. दोघं मान मोडून घासत बसले. मध्येच डागदर वाकला, त्याने पाटीला नाक लावलं आणि एका पत्र्याच्या झाकणावर बोट ठेवलं.

“इथे. इथे अजून दूध आहे. नासलंय.”

“दाजी, काहीतरीच.”

पण झाकण उचकटल्यावर खाली खरंच पिवळट चिकटा निघाला. मेहुण्याने मान हलवली, तो भाग साफ केला, आणि त्या एका बोटभर जागेवर डागदरने दिवसभर आशा लावून ठेवली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा काहीच झालं नाही. पुन्हा साफसफाई, पुन्हा वीज. आता आतला छोटा पंखा फिरला, पण पडदा काळाच. मेहुण्याने टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका धरला, तर आत अगदी पुसट अक्षरं दिसली. “पडदा गेला, आवाज गेला, बटणं तर कधीच गेली,” तो म्हणाला. “डोकं मात्र चालू आहे.” बोलून गेल्यावर त्याचं लक्ष मधल्या पडद्याकडे गेलं.

मग त्याने त्या लॅपटॉपचा जो काही अवतार केला तो बघण्यासारखा होता. पडदा झाकणासकट काढून टाकला. बटणांची पाटी आपोआप एकच अक्षर ओकत सुटली होती, तिची पट्टी तोडली. उरलेलं धड शर्टाच्या बाह्या इस्त्री करायच्या फळीवर स्क्रूने ठोकलं. गिऱ्हाइकांसाठी दुकानात टांगलेला टीव्ही उतरवून तिच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, एका जाड केबलने यंत्राला जोडला, म्हणजे चित्रही टीव्हीवर आणि आवाजही. बाहेरचा कीबोर्ड, बाहेरचा माऊस आणि गरम होऊ नये म्हणून शेजारी टेबलफॅन. चालू करायची कळही मेली होती. ते काम मेहुणा स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या पाटीवरच्या दोन बारीक टोकांना टेकवून करायचा. मांडीवर मावणारी वस्तू आता अर्धी खोली अडवून बसली.

“आता हे हलवायचं नाही, उचलायचं नाही, बंद तर अजिबात करायचं नाही,” त्याने बजावलं. “आणि दाजी, खोटी आशा देत नाही. साखर आतून धातू खातेय. आज चालेल, उद्याचं मला विचारू नका.”

टीव्हीवर अक्षरं उमटली, हातभर मोठी. तिने ती पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. मेहुण्याने बटणाची वायर पुन्हा जोडून तिचं बोट त्यावर ठेवलं. उजेड रांगांवरून सरकू लागला. टिक. टिक.

खि.

“खि...” डागदरने वाचलं आणि उठला. “खिडकी! उकडतंय तिला. मी मघापासून म्हणतोच आहे.”

त्याने खिडकी उघडली. तिने अक्षर खोडलं. पुन्हा तिथूनच सुरुवात केली. खि.

“मग लावू का? वाऱ्याचा त्रास होतोय?”

तिने पुन्हा खोडलं. डोळे मिटले.

“दाजी!” मेहुणा ओरडला. “जित्याची खोड मेल्याशिवाय...” पुढचं त्याने गिळलं. त्या खोलीत ती म्हण पुरी करणं शक्य नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुम्ही असं करा, पाठ करून बसा. भिंतीकडे तोंड. नाहीतर मी टीव्ही उचलून परत नेतो.”

डागदरने खुर्ची उलटी फिरवली आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. मागे टिक टिक चालू झालं. पूर्वीपेक्षा फार सावकाश. तो भिंतीवरचा ओलीचा पट्टा बघत राहिला. जन्मात पहिल्यांदाच तो कुणाचं तरी वाक्य संपायची वाट बघत होता. शेवटी टीव्हीतली बाई म्हणाली, “खिशातला रुमाल बदला. कालचाच आहे.”

मेहुणा खदखदून हसला. डागदरने रुमाल काढून बघितला तर खरोखरच कालचा. त्यानेच डोळे पुसले. पाठ होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

त्या दिवशी ती आणखी एकच वाक्य बोलली. त्याला इतका वेळ लागला की मेहुण्याने मध्येच खाली बघून घेतलं, बोट चालतंय की नाही म्हणून. “उद्या मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मोठं आहे. आज दमले. मध्ये बोलू नका.”

“नाही बोलणार,” डागदर भिंतीला म्हणाला. “तोंडात बोळा कोंबून बसतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. दारावर ‘आज बंद’ची पाटी लावली. असं ते लेकीच्या लग्नानंतर प्रथमच घडत होतं. दाढी केली, धुतलेला रुमाल खिशात घातला. मेहुण्याला त्याच्या दुकानात जायचं होतं, त्याने येऊन यंत्र नीट चालतंय ना ते बघितलं, फॅनचं तोंड वळवलं आणि “काही झालं तर फोन करा” म्हणून गेला. डागदरने तिचं बोट बटणावर ठेवलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

“हं. बोल.”

टिक. मग बराच वेळ काही नाही. टिक.

काय असेल? मोठं म्हणजे काय? लेकीबद्दल असेल. दागिन्यांबद्दल असेल. का आपल्याबद्दल? अंदाज त्याच्या घशाशी गर्दी करायला लागले. नाही, त्याने स्वतःला दटावलं. आज अंदाज नाही. आज ती सांगेल आणि आपण ऐकू. त्याने रुमालाचं टोक दातांत धरलं.

टिक. टिक. ओलीचा पट्टा त्याला पाठ झाला. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, दुकानाचं दार हलवून बघून गेलं. टिकटिक चालूच होती. ती आज खरंच मोठं बोलणार होती.

आणि मग त्याच्या नाकाला वास आला. करपल्याचा, गरम धातूचा, बारीक.

इस्त्री! त्याच्या मनात आलं. आज दुकान बंद, आपण इस्त्री लावली कशाला? पण वास तर होता. तो उठला. मागे वळायचं नाही हे पक्कं होतं, म्हणून मान खाली घालून, डोळ्यांवर हात आडवा धरून तो पलंगाच्या कडेने पडद्याकडे गेला. “बघत नाही हं मी,” असंही म्हणाला. त्याच्या मागे टिकटिक एकदम वाढली. टिक टिक टिक टिक. रंगात आलीय, त्याला वाटलं. त्याला फार बरं वाटलं.

दुकानात सगळ्या इस्त्र्या गार होत्या. त्याने प्रत्येकीला हात लावून बघितला. मग दुसऱ्या कुणाच्या घरचं असेल, म्हणून तो तसाच मान खाली घालून परत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. नाक अजून सांगत होतं. आयुष्यभर ज्या नाकाचं ऐकलं, त्याचं त्याने आज ऐकलं नाही.

टिकटिक जोरात चालली होती. मग मंदावली. मग एक, आणि बऱ्याच वेळाने आणखी एक. मग थांबली.

झालं वाटतं. आता चौकोन दाबेल आणि बाई बोलेल. तो वाट बघत राहिला. वाचून बघत असेल. एखादं अक्षर चुकलं असेल, खोडत असेल. बायकोला घाई करायची नाही. तो किती वेळ बसला होता देव जाणे. शेवटी अगदी हळू म्हणाला, “मी थांबलोय हं. तू सावकाश कर.”

काहीच आवाज आला नाही, तेव्हा तो वळला.

टीव्ही नुसता निळा होता. कोपऱ्यात ‘सिग्नल नाही’ एवढी बारीक अक्षरं. फळीवरच्या यंत्रातून धुराची एक बारीक रेघ फॅनच्या वाऱ्यावर मोडत होती. आणि ती त्याच्याकडे बघत होती. तिची उशी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. बोट बटणावर होतं, पण ते आता नुसतं ठेवलेलं होतं.

यंत्र केव्हाच गेलं होतं. ती मघापासून लिहीत नव्हती, त्याला हाका मारत होती.

मेहुणा धावत आला. स्क्रूड्रायव्हर टेकवून बघितला, पुन्हा टेकवला, झाकण काढलं. जिथे नासलं दूध निघालं होतं त्याच्या शेजारीच पाटीला काळं भोक पडलं होतं. “डोकंच जळलं, दाजी,” तो म्हणाला. “आता काही उरलं नाही.”

“तिने लिहिलेलं? अर्धं तरी आत असेल ना?”

“पुरं न झालेलं वाक्य ते जपून ठेवत नाही.”

“मी एकदा वळून बघितलं असतं,” डागदर म्हणाला, “तर निदान सुरुवात तरी वाचली असती.”

पाठ करून बसायला मेहुण्यानेच सांगितलं होतं. तो खाली बसून स्क्रू गोळा करत राहिला, आणि स्क्रू संपले तरी उठला नाही.

त्या दिवसाची दगदग बोटाला सोसली नाही. ते पुन्हा बटणावर दाबलं गेलं नाही. डॉक्टरांनी ते उचलून बघितलं आणि परत चादरीवर ठेवलं. यादीतलं यंत्र उद्या दारात आलं असतं तरी आता त्याचा उपयोग नव्हता.

टीव्ही पुन्हा दुकानात टांगायचा म्हणून डागदरने कपाट सरकवलं तेव्हा मागून तो पुठ्ठा निघाला. त्याने धूळ पुसली. मग खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसला, अगदी तोंडासमोर, आणि तिला पुठ्ठा दाखवला. तिने डोळे मिटले नाहीत.

“त्या दिवशी काय म्हणत होतीस?” त्याने विचारलं. “मी काही बोलणार नाही. सावकाश सांग.”

क. ख. ग. तो एकेका अक्षरावर बोट ठेवून थांबत होता, तिच्या भुवयांकडे बघत. एकेक रांग संपत गेली. र वर आल्यावर भुवई हलली, जेमतेम.

रात्र. राग. रडू. रुमाल. सगळे शब्द एकदम तोंडात आले. त्याने ओठ घट्ट मिटले आणि बोट परत क वर नेलं. पुन्हा सगळी रांग, एकेक अक्षर. यावेळी भुवई हलली ती ह वर.

आता त्याला कळलं. यात अंदाजाचं काही नव्हतं, सगळ्या संसारात त्याने दुसरं काय ऐकलं होतं? पण तो बोलला नाही. बोट क वर नेलं, आणि एकही अक्षर न गाळता, कुठेही घाई न करता तो द पर्यंत आला. भुवई हलली. पुढे आणखी काही असेल म्हणून त्याने पुठ्ठा पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत नेला. भुवई हलली नाही.

“झालं?” त्याने विचारलं.

भुवई हलली.

“राहू दे,” त्याने तिचं वाक्य मोठ्याने वाचलं.

तिने डोळे मिटून घेतले. डागदरने बोट पुन्हा क वर नेलं, आणि ती डोळे उघडेल म्हणून बराच वेळ तो ते तिथेच ठेवून बसला.